खिळ्यासमोरची गाठ

"अँटेना उतरव, आबेलिनो," फिदेल तिसऱ्यांदा म्हणाला. "एकदा घर पाण्यात गेलं की मग कुणी वर चढणार नाही."

"राहू दे," मी म्हणालो.

"वाऱ्याने मोडेल."

"नाही मोडणार."

फिदेल लेविकोयने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. आमच्या खाडीत घर हलवायचं असलं की हुकूम त्याचा चालतो. कुणाचे बैल कुठे जुंपायचे, रिकामी पिंपं कुठे बांधायची, भरतीचं पाणी घर कधी उचलेल, सगळं तोच ठरवतो. तो माझ्या मुलीचा धर्मबाप आहे, म्हणून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणतो. त्या सकाळी मात्र तो मला नावाने हाक मारत होता, म्हणजे चिडला होता.

"ऐका रे," तो बाकीच्यांकडे वळून म्हणाला. "घराचा मालक जन्मभर लोकांचे अँटेना बसवत आलाय. आपल्याला त्यातलं काय कळणार? राहू दे वर. शीड म्हणून तरी उपयोग होईल."

माणसं हसली. मीही हसल्यासारखं केलं.

चिलीच्या दक्षिणेला, आमच्या चिलोएच्या बेटांवर माणूस जागा बदलतो तेव्हा घर विकत नाही, सोबत नेतो. घरं लाकडाचीच असतात. खाली ओंडके सारायचे, बैल लावायचे, मध्ये पाणी आलं तर तरंगवायचं आणि होड्यांनी ओढायचं. त्यासाठी घरोघर जाऊन विनंती करावी लागते. ज्याला विनंती केली तो येतो, कारण कधी ना कधी त्याचंही घर हलायचं असतं. ही विनंती करत मी आठवडाभर फिरलो. मला ते नीट जमलं नाही. असं बोलण्याचं काम आमच्या घरात माझ्या बायकोचं, एदेल्मिराचं होतं. मी टोपी हातात धरून दारात उभा राहायचो आणि समोरचेच म्हणायचे, "कळलं, येतो आम्ही. आत ये, गारठलास."

घर न्यायचं हे तिनेच ठरवलेलं होतं. बटाटे सोलता सोलता एकदा म्हणाली होती, "आपल्यातलं एक गेलं की दुसऱ्याने पलीकडे नेलिदाजवळ जायचं. पण तिच्या घरात नाही हं. आपलं घर घेऊन जायचं. लेकीकडे पाहुण्यासारखं राहायचं नाही." उद्या लाकडं फोडायला हवीत, असं म्हणावं तशी म्हणाली. मला वाटलं होतं, आधी मी जाईन. तिच्यापेक्षा मी मोठा होतो आणि छपरांवर चढणारा होतो.

अँटेना का उतरवायचा नव्हता ते मी फिदेलला सांगितलं नाही. वीसेक माणसं आणि बैल खोळंबलेले असताना ते कसं सांगायचं, हेच मला कळेना.

खाडीकडच्या भिंतीला, स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी, अँटेनाचा लोखंडी दांडा आहे. दोन कड्यांमधून तो वर जातो आणि छपराच्या वर माशाच्या काट्यासारखा अँटेना आहे. उत्तरेच्या डोंगरावर टीव्हीचा मनोरा आहे, त्याच्याकडे त्याचं तोंड. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की दांडा कड्यांतल्या कड्यांत फिरायचा आणि टीव्हीवर मुंग्या यायच्या. एदेल्मिराने त्यावर स्वतःचा उपाय काढला. चित्र सर्वांत चांगलं दिसत होतं तेव्हा तिने दांड्याला लाल लोकरीची गाठ मारली आणि गाठीच्या बरोबर समोर भिंतीत माझ्याकडून एक खिळा ठोकून घेतला. वादळ झालं की ती खिडकी उघडायची, डावा हात बाहेर घालायची, डोळे आत टीव्हीवर ठेवायची आणि गाठ खिळ्यासमोर येईपर्यंत दांडा फिरवायची.

दुसऱ्यांच्या घरी या कामाला दोन माणसं लागतात. एक वर फिरवणारा, एक खाली ओरडणारा. आमच्याकडे ती एकटी पुरायची. अख्ख्या खाडीचा अँटेनावाला मी, आणि माझ्याच घरात माझी गरज नव्हती. मी तिला म्हणायचो, "कड्यांना बोल्ट घालतो, मग हलणारच नाही." ती म्हणायची, "मग वादळानंतर मी काय करू?"

गेल्या वर्षी पानगळीच्या दिवसांत ती खाटेला लागलेली होती. खाट आम्ही चुलीजवळ आणली होती. मी दुसऱ्या बेटावर शाळेचा अँटेना उभा करायला गेलो आणि वादळामुळे तिथेच अडकलो. दुसऱ्या दिवशी घरी आलो तर ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली. खाटेपासून तिथपर्यंत ती कशी गेली मला माहीत नाही. धाप लागली होती. डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत ओली, पाणी गळत होतं. टीव्हीवर तिची मालिका चालू होती.

"आलास होय," ती म्हणाली. "आता नीट दिसतंय बघ."

मी तिचे ओले कपडे बदलले. त्याच आठवड्यात ती गेली.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर टीव्ही, रेडिओ लावत नाहीत. मी टीव्हीवर तिचा टेबलावरचा कपडा घातला. आणि नऊ दिवसांच्या प्रार्थना संपून शेजारीपाजारी आपापल्या घरी गेले, तेव्हा मी पक्कड आणि तार घेऊन बाहेर गेलो आणि दांडा खालच्या कडीला करकचून बांधून टाकला. गाठ खिळ्यासमोर होती. तिच्या हाताने जिथे ठेवली होती तिथेच. ती तिथून हलू नये, एवढंच मला हवं होतं.

त्या वर्षी वादळं बरीच झाली. गाठ हलली नाही.

भरतीने घर उचललं तेव्हा सगळे गप्प झाले. नेहमीच होतात. आपण ज्यात झोपलो ते घर पाण्यावर डुलताना बघणं सोपं नसतं. दोन होड्यांनी दोर ताणले आणि घर किनाऱ्यापासून सुटलं. मी फिदेलच्या होडीत होतो. मागे आमच्या जागेवर घराचे खांब तेवढे उभे राहिले, काही कोरड्यात, काही पाण्यात. त्यांच्या वर, टेकडीवर, एदेल्मिरा आहे ते कबरस्तान.

या किनाऱ्यावर घराचं तोंड खाडीकडे, म्हणजे पूर्वेला होतं. पलीकडच्या किनाऱ्यावर खाडी पश्चिमेला येते. म्हणून मध्यावर आल्यावर फिदेलने दोर सैल करून घर सावकाश वळवायला लावलं. मी घराकडे बघत नव्हतो, छपराकडे बघत होतो. अँटेनाचं टोक उत्तरेच्या डोंगरावरून निघालं, पूर्वेच्या बर्फाच्या रांगेवरून गेलं आणि दक्षिणेला येऊन थांबलं. तिकडे मोकळा समुद्र आहे.

फिदेलनेही ते पाहिलं. सुकाणू धरून बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घर नेलिदाच्या जमिनीवर नव्या खांबांवर बसलं. दारं-खिडक्या लागल्या, चूल आत आली, नेलिदाने तिच्या घरावरून विजेची तार ओढून घेतली. मग जेवण. खड्ड्यात तापलेल्या दगडांवर शिंपले, बटाटे, धुरवलेलं डुकराचं मांस, वर मोठमोठी पानं झाकून शिजवलेलं. चिचा, म्हणजे सफरचंदाची दारू, मी स्वतः वाढली. घर ओढणाऱ्यांना मालकाने पोटभर खायला घालायचं, हा रिवाज. नेलिदाने आईपेक्षा चांगलं केलं होतं. मी तसं म्हणालो नाही, पण दोनदा मागून घेतलं.

जेवण झाल्यावर कुणीही घरी जाईना. त्या दिवशी चिलीचा फुटबॉलचा सामना होता. बैल हाकताना सगळा वेळ त्याचीच चर्चा चालली होती.

"आबेलिनोकाका, सामना सुरू व्हायला आला," शेजारचा तरुण ओयार्सो म्हणाला. हा माणूस काल कमरेइतक्या पाण्यात उभा राहून सकाळभर पिंपं बांधत होता. त्याला काय सांगायचं?

नेलिदाने टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वर्ष उलटून महिना झाला होता, वर्षाची प्रार्थनाही चर्चमध्ये झाली होती. तरी कपडा मी काढला नव्हता आणि तिनेही विचारलं नव्हतं.

"काढ," मी म्हणालो.

तिने कपडा काढला, घडी घातली, घडीवरून एकदा हात फिरवला. टीव्ही लावला.

मुंग्या. मुंग्यांच्या मागे कुणीतरी पळत होतं, बस.

"हिमवर्षाव चाललाय की मैदानावर," एक जण म्हणाला.

"त्या पांढऱ्या चड्डीत आपले की त्यांचे?"

"चड्डी तरी दिसतेय का तुला? मला तर पायही दिसत नाहीत."

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," ओयार्सो म्हणाला. "लोकांच्या घरी आरसा आणि स्वतःच्या घरी वारूळ."

मी हत्यारांची पेटी उघडली. "आधी वायर बघतो," मी म्हणालो.

हा माझा नियमच आहे. टीव्ही बिघडला की लोक आधी छपरावर चढतात. मी आधी खालून सुरुवात करतो. टीव्हीच्या मागची पिन, मग वायर, मग वायरचे जोड, आणि सगळ्यात शेवटी अँटेना. दहातली निम्मी दुखणी टीव्हीच्या मागेच सापडतात. खरा नियम आहे, मी तो कितीतरी लोकांना शिकवलाय. त्या दिवशी मी त्याच्या आड लपलो, एवढंच.

पिन काढली, घासली, लावली. काही फरक नाही. वायर हातातून सरकवत भिंतीपर्यंत गेलो. कुठे दबली नव्हती, उंदरांनी कुरतडली नव्हती.

"कोंपाद्रे," फिदेल दारातून म्हणाला. तो चिचेचा पेला घेऊन उभा होता. "मला या धंद्यातलं काही कळत नाही. पण तुझा काटा दक्षिणेला बघतोय. तिकडे देवमाशांशिवाय कुणी नाही."

सगळे हसले.

"बघतो," मी म्हणालो. "आधी जोड बघतो."

"बघ बाबा. जोड बघ."

मी बाहेर जाऊन शिडी लावली. बारीक पाऊस होता, आमच्याकडे तो असतोच. छपराच्या कडेला वायरचा जोड होता. चिकटपट्टी सोडवली तर आत तांबं हिरवं पडलेलं. खाडी ओलांडताना उडालेलं खारं पाणी आत गेलं होतं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. खरा बिघाड होता. मी तार सोलली, घासून लखलखीत केली, पुन्हा पिळून पट्टी गुंडाळली. अँटेना माझ्या डोक्यावरच होता. मी त्याच्याकडे मान वर केली नाही.

खाली आलो. चित्र सुधारलं होतं. मुंग्या तशाच होत्या, पण आता माणसं ओळखू येत होती, गोलपोस्ट दिसत होता. चेंडू दिसत नव्हता.

"बघा," मी म्हणालो. "आलं."

मी यजमान होतो आणि त्यांनी माझं अन्न खाल्लं होतं. ओयार्सो म्हणाला, "चालेल की. चेंडूचं आपण अंदाजाने घेऊ."

"पळतायत ना सगळे एका दिशेला, तिकडेच असणार चेंडू," दुसरा म्हणाला.

"हो, हो. चालेल."

माणसं बाकांवर, पेट्यांवर, जमिनीवर बसली. डोळे बारीक करून, पुढे वाकून बघायला लागली. दोन दिवस माझं घर ओढून दमलेली माणसं. थोड्या वेळाने एक जण डोळे चोळून बाहेर गेला, त्याच्यामागे दुसरा. उठताना आवाज होऊ नये म्हणून जपून उठले. ते मला जास्त लागलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

नेलिदा माझ्याजवळ आली. "बाबा, दांडा फिरवत का नाही तुम्ही?"

"फिरवतो मग."

"मी फिरवू? आई फिरवायची तसा, खिडकीतून. मला माहीतेय."

"नको."

मी जरा जोरात बोललो असणार. तिने माझ्याकडे पाहिलं आणि भांड्यांकडे गेली.

खिडकीशी फिदेलची बायको ओतिल्या उभी होती. एदेल्मिराची लहानपणापासूनची मैत्रीण. तिने खिडकी उघडली आणि बाहेर डोकं काढून दांड्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ही लोकर माझ्या मेंढीची," ती म्हणाली. "पांढरी, एका कानाची. आठवते तुला? मीच दिली होती तिला."

"आठवते."

"आणि ही तार?"

मी पेटीचं झाकण लावलं.

ओतिल्या हळू बोलली, आतल्या लोकांना ऐकू जाणार नाही इतकी. "किती दिवस झाले बांधून?"

"ती गेली तेव्हापासून."

"अस्सं."

तिने पुन्हा बाहेर पाहिलं. खिळा होता, खिळ्यासमोर गाठ होती, गाठीच्या खाली गंजलेली तार. सगळं जागच्या जागी.

"म्हणून अँटेना उतरवू दिला नाहीस तू. फिदेल काल रात्री मला म्हणाला, माझ्या कोंपाद्रेचं डोकं फिरलंय."

"तिने ठेवलाय तो तसा," मी म्हणालो. "शेवटचा. मी फिरवला की गेलं."

आत कुणीतरी म्हणालं, "गोल झाला का?" आणि कुणीतरी म्हणालं, "कुणास ठाऊक."

"आबेलिनो, एक विचारू? ती खिळ्याकडे बघून फिरवायची का?"

"म्हणजे?"

"फिरवताना डोळे कुठे असायचे तिचे?"

मला विचार करावा लागला नाही. एक हात बाहेर, मान आत वळलेली, ओठ थोडे उघडे, मालिकेतल्या त्या बाईचा चेहरा नीट दिसेपर्यंत. "टीव्हीवर."

"मग," ओतिल्या म्हणाली. "खिळ्यासाठी नव्हती फिरवत ती. खिळा आपला वादळात जागा विसरायला नको म्हणून." तिने खिडकीची चौकट हाताने पुसली. "तिने तो डोंगराकडे लावला होता. डोंगरावरून तूच काढलास, घर वळलं तेव्हा. तुला वाटतंय तू राखून ठेवलंयस. काही राहिलेलं नाही तिथं. गाठ आणि खिळा राहिलाय नुसता."

एवढं बोलून ती भांडी आवरायला नेलिदाकडे गेली. जाताना माझ्या दंडावर हात ठेवला तिने, थोडा वेळ.

मी तिथेच उभा राहिलो. काल खाडीच्या मध्यावर मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. डोंगर, बर्फाची रांग, मोकळा समुद्र. तेव्हाच गेलं होतं ते. मी होडीत बसून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, तार घट्ट आहे, काळजी नाही.

मी पेटीतून पक्कड काढली.

आधी बाहेर जाऊन तार तोडली. गंजली होती, दोन चिमट्यांत तुटली. तुकडे खिशात टाकले. मग आत आलो. वर चढायची गरज नव्हती. खिडकीजवळची खुर्ची नेलिदाने होती तिथेच मांडली होती, मी तीत बसलो. डावा हात बाहेर घातला.

"काका, आम्ही सांगतो," ओयार्सो म्हणाला. "तुम्ही फिरवा, आम्ही ओरडतो."

"नका ओरडू," मी म्हणालो. "मला दिसतंय."

दांडा हलेना. वर्षभर एका जागी राहून कडीत गंजून घट्ट बसला होता. मी जोर लावला. पावसाचं पाणी दांड्यावरून माझ्या मनगटावर आलं आणि बाहीत शिरलं. हे मला ठाऊक नव्हतं. मी हजारो दांडे फिरवलेत, पण छपरावर उभं राहून, दोन्ही हातांनी, रेनकोट घालून. खिडकीतून हात काढून फिरवलं की वरचं सगळं पाणी बाहीत येतं, हे मला त्या दिवशी कळलं. गार असतं ते.

मग दांडा कुरकुरला आणि एकदम सुटला.

गाठ खिळ्यासमोरून सरकली. मी तिकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर थांबलो असतो. मी टीव्हीकडे बघत राहिलो. चित्र आधी पार गेलं, नुसत्या मुंग्या. बर्फाच्या रांगेवरून जात असणार. मग मुंग्या हलायला लागल्या, पातळ झाल्या, हिरवं काहीतरी खालून वर आलं. मी सावकाश फिरवत राहिलो. पुढे गेलो, थोडं जास्त झालं, मागे आलो.

मैदान दिसलं. रेषा दिसल्या. चेंडू दिसला.

"अरे, तो बघा चेंडू," कुणीतरी म्हणालं, हरवलेला नातेवाईक सापडावा तसं.

"हलवू नका, काका, आता श्वासही घेऊ नका."

"एक गोल खाल्लाय आपण. बघा, वर लिहिलंय."

"खाल्लाय? मग मुंग्याच बऱ्या होत्या."

बाहेर गेलेले परत आत आले. फिदेल माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. त्याने टीव्हीकडे पाहिलं, बाहेर असलेल्या माझ्या हाताकडे पाहिलं.

"आता कुठे बघतोय काटा?" त्याने विचारलं.

"डोंगराकडे."

"हं," तो म्हणाला. "घरातलं माणूस होतं तेव्हा बघायचा तिकडेच बघतोय म्हणायचं." आणि चिचेचा पेला माझ्या उजव्या हातात दिला. "घ्या, कोंपाद्रे."

नेलिदा टॉवेल घेऊन आली. माझा हात अजून बाहेरच होता. चित्र स्थिर होतं, धरून ठेवायची गरज नव्हती.

"बाबा, आत घ्या हात. बाही बघा, कोपरापर्यंत भिजलीय. काढा तो सदरा, चुलीवर वाळवते."

"राहू दे."

"सर्दी होईल."

"वाळेल अंगावरच."

तिने बाहीकडे पाहिलं. ती त्या दिवशी घरी नव्हती, खाडीच्या या बाजूला होती, तिला ते माहीत नाही. तरी तिने सदऱ्याचा हट्ट सोडला. टॉवेल माझ्या मांडीवर ठेवला.

"आणि दांडा?" थोड्या वेळाने ती म्हणाली. "तार बांधायला हवी ना परत? संध्याकाळपर्यंत उत्तरेचा वारा येणार म्हणतात. फिरेल."

"फिरेल."

"मग?"

"मग लावीन परत."

आत आरडाओरडा झाला, चेंडू बारला लागून बाहेर गेला होता. नेलिदा बघायला वळली. मी मान बाहेर काढली. खिळा भिंतीत एकटाच होता, त्याच्यासमोर नुसतं लोखंड. गाठ कुठे दिसेना. क्षणभर मला वाटलं, ती तुटून पडली. मग मी आणखी वाकलो आणि हाताने दांड्याच्या पलीकडच्या बाजूला चाचपलं. तिथे होती. लोकर ओली आणि घट्ट होती. दांडा अर्धा फिरला तशी तीही फिरली होती, भिंतीकडे पाठ करून.

आता तिच्यासमोर खाडी होती. खाडीच्या पलीकडे आमच्या घराचे खांब पाण्यात उभे होते. भरती चढत होती, पुढचे दोन बुडाले होते. त्यांच्या वर टेकडी आणि कबरस्तानाचं पांढरं कुंपण. जुन्या जागीही गाठीचं तोंड त्याच बाजूला होतं, मध्ये आमचं घर होतं म्हणून दिसत नव्हतं.

पाऊस थोडा वाढला. मी खिडकी ओढून घेतली, कडी लावली नाही.